इस्त्रीपुरता जनरेटर

कात्री कापडात अर्ध्यावर होती तेव्हा दुकानातली वीज गेली. इथे फिजीच्या राजधानीत, सुवामध्ये, वीज जाते आणि येते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पंखे थांबले, मालकीण हंसाबेननी सवयीने गल्ल्यावर हात ठेवला, समोरच्या गिऱ्हाइकाने सुस्कारा टाकला, आणि शेजारच्या मोबाइलवाल्याने मागच्या बोळात जनरेटर सुरू केला. तो नीट चालेना. आवाज वर चढायचा, आता काहीतरी फुटणार असं वाटायला लावायचा, मग एकदम खाली यायचा, मेला मेला म्हणेपर्यंत पुन्हा वर. वर, खाली. वर, खाली. माझे खांदे आपोआप सैल पडले. मी पाठ वळवून, मान खाली घालून, कशाची तरी वाट बघत उभी राहिले. कशाची ते मला पुढच्या क्षणी कळलं. मी तो बंद होण्याची वाट बघत होते. एमोसी आता बंद करील, दोन-चार श्वास जाऊ देईल आणि मग बंद करील, असं माझ्या खांद्यांना वाटत होतं. डोक्याला ठाऊक होतं की एमोसीला जाऊन वर्ष होत आलं. खांद्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "असिनाते, कापड तिरकं चाललंय," हंसाबेन म्हणाल्या. खरंच तिरकं चाललं होतं. पिवळ्या जास्वंदीचं ते कापड माझ्याच वहिनीसाठी, तोरिकासाठी होतं, म्हणून वाचले.

एमोसी माझा पाठचा भाऊ. आमच्या गावात भाऊ-बहीण मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नाही, मान म्हणून. शहरातल्या पोरी हे ऐकून हसतात, हसोत. मला आठवतो तो दिवस: तो झाडावरून उतरला, त्याचा आवाज फुटलेला होता, त्याने शहाळं माझ्यापुढे न धरता चटईच्या कडेला ठेवलं आणि निघून गेला. त्याआधी आम्ही एका ताटात जेवत होतो, एकमेकांच्या झिंज्या उपटत होतो. त्यानंतर आयुष्यभर त्याने माझं नाव घेतलं नाही की मी त्याचं. तो घरात आला की मी उठून दुसऱ्या दारापाशी बसायची. काही सांगायचं असलं तर मध्ये कुणीतरी लागे, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा साकिउसा असे. साकिउसा आमच्या मामाचा मुलगा. मामेभावाशी मात्र आमच्यात काहीही बोललेलं चालतं, नव्हे, न बोललं तर लोक विचारतात काय बिनसलं. म्हणजे सख्ख्या भावापुढे मी मुकी आणि मामेभावापुढे तोंडाळ, अशी माझी दोन तोंडं. एमोसी भिंतीपलीकडे बसून म्हणायचा, "साकिउसा, कुणाला तरी सांग, या बोटीने जाऊ नये, समुद्र बरा नाही." आणि साकिउसा माझ्याकडे तोंड करून, मी ऐकलेलं असताना, शब्दन् शब्द पुन्हा सांगायचा, वर स्वतःच्या पदरचं जोडायचा, "आणि तो म्हणतो की तू जाडी झालीस, बोट कलंडेल." पलीकडून एमोसीचं हसू दाबल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी कितीतरी दिवस पुरवून वापरायची.

वीज आली, मोबाइलवाल्याने जनरेटर बंद केला, आणि मी हंसाबेनना विचारून गोदामात जाऊन गावी फोन लावला. पुढच्या आठवड्यात शोक सोडायचा विधी होता. वर्षभर काळं नेसलेली माणसं त्या दिवशी काळं उतरवतात, रंगीत नेसतात, आणि मेलेल्याच्या नावाने जे जे वर्ज्य केलेलं असतं ते मोकळं करतात. एमोसीच्या नावाने गावाने दोन गोष्टी वर्ज्य केल्या होत्या: खडकापलीकडची मासेमारी आणि त्याचा जनरेटर. माशांची काळजी नव्हती, वर्षभर कुणी न धरता ते मजेत असणार. "काय गं सुवावाली, आहेस अजून?" साकिउसा म्हणाला.

"तुझ्या मयताचं जेवण जेवल्याशिवाय जात नाही. जनरेटर लावून बघितलास?"

"बघितला. मोठ्यांनी परवानगी दिली, म्हटलं आधी बघून ठेवावं. नाही चालत नीट. थांब, ऐक." त्याने दोरी ओढल्याचं ऐकू आलं, पुन्हा ओढल्याचं, मग एक खोकला, मग तो सुरू झाला आणि लगेच गुदमरला. साकिउसा म्हणाला की हवेची खिट्टी अर्धी बंद ठेवली तर कसाबसा धापा टाकतो, उघडली की मरतो. "तोरिका म्हणते, नाही चालला तर परतीच्या बोटीने भंगारात दे. अंगणात मेलेला बसलेला रोज बघायचा कशाला. तिचंही खरंय." मी म्हटलं, "मी येईपर्यंत हात लावू नकोस." तो म्हणाला, "का? तू काय सुवाला जाऊन मिस्त्री झालीस?" कापडाच्या गठ्ठ्यावर बसून मी नुसतं म्हटलं, "तू हात लावू नकोस, बस."

बोटीत रात्रभर इंजिनाचा सरळ, कंटाळवाणा आवाज होता आणि मी झोपले नाही. मला दुसराच आवाज आठवत होता. एमोसीने जनरेटर घेतला ते यंगोनाच्या, म्हणजे ज्या मुळांचं पेय आम्ही वाटीने पितो त्याच्या, एका चांगल्या पिकानंतर. गावाला वाटलं टीव्ही आणील, बर्फाची पेटी आणील. त्याने एक लांब वायर आणली. त्याच्या घराच्या मागच्या फणसाखालून ती वायर आईच्या घरात आली, जिथे मी गावी गेले की उतरते, आणि वायरीच्या टोकाला प्लग. "साकिउसा, कुणाला तरी सांग, कोळशाच्या इस्त्रीने डोळे जातील." इतकंच. त्या वर्षी मी सुवाहून विजेची इस्त्री घेऊन गेले. मग दर खेपेला, शनिवारी दुपारी, सगळ्या घराचे चर्चचे कपडे माझ्यापुढे येऊन पडायचे आणि फणसाखाली जनरेटर सुरू व्हायचा. रिकामा असला की तो असाच करायचा: वर, खाली, वर, खाली. नवा होता तेव्हापासून. मी इस्त्रीचा प्लग लावला की त्याचा सूर जड व्हायचा, खाली बसायचा आणि स्थिर राहायचा. इस्त्री तापली की आतून टक व्हायचं आणि जनरेटर मोकळा सुटायचा. गार झाली की टक, आणि तो पुन्हा कामाला लागायचा. म्हणजे मी तिकडे काय करते आहे ते भावाला पाठ असणार. कमरेला गुंडाळायच्या जाड सुलूवर पाणी शिंपडून इस्त्री दाबली की किती वेळ ती तापत नाही, बाहीवर किती वेळ लागतो, मी मध्येच थांबून शेजारणीशी बोलते तेव्हा किती टक-टक होते. आणि सगळ्यात शेवटी त्याचा पांढरा सदरा. तो मी कायम शेवटी ठेवायची, कॉलर दोनदा करायची. मग प्लग काढायची. जनरेटर रिकामा होऊन वर-खाली करायला लागायचा, आणि एमोसी लगेच बंद करायचा नाही. दोन-चार श्वास तो तसाच चालू द्यायचा. मग शांतता. त्या दोन-चार श्वासांत मी इस्त्रीच्या कापडावर हात टेकून, पाठ त्याच्या घराकडे करून बसून असायची. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. सांगणार काय, की मी आणि माझा भाऊ बोलायचो? लोक म्हणाले असते, कधी?

साकिउसा धक्क्यावर होता, तोंडात उकडलेल्या कसावा कंदाचा तुकडा. "मिस्त्रीण आली," तो खलाशांना म्हणाला, "पिशवीत पाने आहेत की पावडर ते बघा." तोरिकाने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी जरा रडलो, मग तिने मला दूर धरून म्हटलं, "वन्सं, वजन वाढलंय तुमचं, बरं वाटलं." काळ्या कपड्यात ती बारीक झाली होती. पेजेसारखा पातळ चहा दिला, नारळाच्या दुधातला मासा दिला, आणि मी खाते आहे हे बघत तिने शांतपणे सांगितलं: "त्या यंत्राचं मला सांगू नका. चाललं तर ठेवा. नाही चाललं तर बोट उद्या संध्याकाळी परत जाते. रात्री उठून पाणी प्यायला गेले की तिथे, त्याच्यावर घातलेल्या चटईखाली, कुणी बसल्यासारखं दिसतं, वन्सं. वर्षभर रोज. आता नको." मी म्हटलं बरं. तिचं दुःख आणि माझं दुःख एकाच फणसाखाली बसलेलं होतं, आणि एकाला उठवल्याशिवाय दुसऱ्याला जागा नव्हती.

चटई काढली. चांगली चटई होती, कडेला रंगीत लोकर, लग्नात देतात तसली. वर सुकलेल्या झावळीचं वर्ज्याचं बांधणं. खाली जनरेटर जसाच्या तसा, फक्त कडा गंजलेल्या. मी नेहमीप्रमाणे थोडी दूर, पाठमोरी बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की पाठमोरं बसायचं आता कारण उरलं नाही. तरी वळायला जड गेलं. बहिणीने भावाच्या वस्तूपाशी जायचं नसतं. भाऊ नसला म्हणून वस्तू थोडीच परकी होते. "वळ की," साकिउसा म्हणाला, "मी मामेभाऊ आहे, मला बघितलेलं चालतं. देखणाही आहे." मी वळले. त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं. मलाही वास आला. पेट्रोलचा नव्हे, जुन्या रंगाच्या डब्यात उरलेल्या साक्याला येतो तसला. टाकी तोंडापर्यंत भरलेली होती. "अरे, एवढं भरून का ठेवलं?" मी विचारलं. साकिउसा माझ्याकडे बघायला लागला, जसं मी विचारलं असावं की मयताला आंघोळ का घातली. "रिकाम्या टाकीने निरोप देतात का? गावाने भरली. त्या दिवशी नुसतं पेट्रोल मिळेना, तर माझ्या बोटीच्या इंजिनाचं होतं ते घातलं, तेल मिसळलेलं. चांगलं होतं, माझ्याजवळचं सगळं होतं." हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं की मला हसावं की रडावं कळेना. भावाचा मान म्हणून गावाने त्याच्या जनरेटरला वर्षभर तोंडभर जेवण भरवून बसवलं होतं, आणि ते त्याच्या घशात सडलं होतं. कुणा दुसऱ्या मुलखात टाकी रिकामी करून ठेवली असती. तिथे मग वर्षभर त्याच्यावरून चटई कुणी घातली असती का, कोण जाणे.

मग आम्ही कामाला लागलो. साकिउसाने टाकी तिरकी करून ते पेट्रोल एका कॅनमध्ये ओतलं. ते चहासारखं लाल होतं. इंजिनाचा स्पार्क प्लग काढला तर काळाकुट्ट, ओलसर. तो विस्तवावर धरून, तारेच्या ब्रशने घासून त्याने परत लावला. ठिणगी चांगली पडत होती. "म्हणजे पोटाचाच रोग," तो म्हणाला, आणि कार्ब्युरेटर सोडवून चटईवर मांडला. त्याची खालची वाटी उघडली तर तळाशी हिरवट, चिकट थर, शेवाळ्यासारखा. मी तो नखाने खरवडला. नखाने, कारण मला खरवडायचं होतं. साकिउसाने चमचा पुढे केला तो मी घेतला नाही. आत पितळेचं एक छोटं भोक, त्यातून पेट्रोल जातं म्हणे, ते पार बुजलेलं. झाडूची काडी जाड पडली. शेवटी वायरीच्या तुकड्यातली तांब्याची एक केसाएवढी तार काढून मी ती भोकात घातली, हळूहळू फिरवली. सुई ओवायचा हात आहे माझा, तो इथे उपयोगी पडला. "मिस्त्रीण ती मिस्त्रीण," साकिउसा म्हणाला. त्या तारेकडे बघताना मला वाटत होतं की एमोसीचे हात या पितळेला लागलेले आहेत, कधीतरी त्यानेही हे उघडलं असणार, इथेच बसून, आणि मी पलीकडे पाठमोरी नारळ खवत असणार, आणि तो स्वतःशी गुणगुणत असणार. तो फार वाईट गायचा. चर्चमध्ये त्याला मागच्या रांगेत उभं करत. मला ते गाणं पुन्हा ऐकायला मिळालं तर मी हंसाबेनच्या दुकानातलं सगळं कापड तिरकं कापीन.

ताजं पेट्रोल घातलं. साकिउसाने दोरी ओढली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो सुरू झाला, पांढरा धूर सोडत, आणि त्याने हळूच हवेची खिट्टी उघडली. मेला नाही. आसपासच्या घरांतून बायका बाहेर आल्या. तोरिका दारात उभी राहिली, आत गेली नाही. धूर विरला. आणि मग जनरेटरने सुरू केलं: वर, खाली. वर, खाली. साकिउसाने मान हलवली. "नाही जमलं. अजून कुठेतरी अडकलंय. असा चालला तर इस्त्रीबिस्त्री जाळील. परत उघडतो." त्याने बंद करायला हात पुढे केला. तोरिका म्हणाली, "राहू दे रे, साकिउसा. दमलास तू. बोटीवर दे." तिचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. मी म्हटलं, "थांबा. हा असाच आहे."

"कसा असाच?" साकिउसा म्हणाला. "मी बोटीची इंजिनं उघडत म्हातारा झालो. तुला काय माहीत?"

"तू शनिवारी कधी गावात होतास? समुद्रावर असायचास. हा रिकामा असला की असाच करतो. पहिल्या दिवसापासून. याला काम दे." मी वायरीचं टोक उचललं, वर्षभर कुणी न उचललेलं, त्यावर कोळ्याचं जाळं. आईच्या घरात जाऊन बसले. वहिनीचा पिवळा झगा काढला, तिच्या मुलीचा, घरातल्या सगळ्यांचे सुलू, सगळं उद्याचं. इस्त्री चटईवर ठेवली आणि प्लग लावला. बाहेर त्याचा सूर जड झाला, खाली बसला. राहिला. राहिला तसाच, एकसारखा, समाधानी. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, यंगोनाची वाटी घेताना वाजवतात तशा, सावकाश, पोकळ तळहातांनी. इस्त्रीच्या तळाला ऊब यायला लागली, आणि थोड्या वेळाने आतून टक झालं, आणि जनरेटर मोकळा सुटून वर-खाली झाला. मी वाकले आणि कापड दाबलं. टक. पुन्हा कामाला.

मी सगळं केलं. सावकाश केलं. पिवळ्या झग्याच्या झालरी, प्रत्येक चुणी. मी घाई केली असती तर लवकर झालं असतं, आणि लवकर व्हावं असं मला वाटत नव्हतं, हे सरळच सांगते. दुपार उतरत होती, जमिनीतल्या भट्टीसाठी दगड गोळा करणाऱ्यांची बडबड येत होती. बाहेर तो मला सांगत होता की ऐकतोय, ऐकतोय, कर तू. आणि मग ढीग संपला. हाताखाली काही उरलं नाही. सवयीने मी शेवटचं काहीतरी उचलायला हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला. तेव्हा दाराशी तोरिका आली. तिच्या हातात पांढरा सदरा होता, ट्रंकेत वर्षभर पडून घड्यांवर पिवळा पडलेला. ती म्हणाली, "हा राहिला, वन्सं. तुम्ही शेवटी ठेवता ना. ते म्हणायचे मला, 'आता माझा सदरा चाललाय.' फणसाखाली बसून. आवाजावरून कळायचं म्हणायचे. मला वाटायचं उगाच म्हणतात." ती बसली नाही. सदरा माझ्यापुढे ठेवून दाराला टेकून उभी राहिली.

मी पाणी शिंपडलं. बाह्या केल्या, पाठ केली. कॉलर दोनदा केली. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडलं तर त्यावरही इस्त्री फिरवली, वाफ झाली. मग प्लग काढला. बाहेर तो रिकामा झाला आणि वर-खाली करायला लागला, आणि मी हात टेकून, पाठ करून बसून राहिले. एक श्वास. दोन. चार. तो बंद होईना. साकिउसा तिथेच होता, मला ठाऊक होतं, त्याचा हात खटक्याशेजारी असणार. त्याने बंद केला नाही. आयुष्यभर आमच्या मध्ये बसून निरोप पोचवणारा तो माणूस, या वेळी गप्प राहिला. वर, खाली, वर, खाली. जनरेटर वाट बघत होता.

मग मी उठले. अंगणातून चालत फणसाखाली गेले, सगळ्यांदेखत, आणि त्याच्यासमोर बसले. तो थरथरत होता, गरम होता. साकिउसा बाजूला सरकला. मी तळहात त्याच्यावर ठेवला आणि शहाळ्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा भावाचं नाव घेतलं. "एमोसी," मी म्हटलं, "झाला रे सदरा." आणि खटका दाबला.

शांतता झाली. समुद्र ऐकू यायला लागला. मी तोरिकाकडे बघितलं. ती सदरा छातीशी धरून उभी होती आणि जनरेटरकडे बघत होती, पण चटईखाली बसलेल्या कुणाकडे बघावं तसं नव्हे.

"चटई घाला त्याच्यावर," ती म्हणाली, "रात्री दव पडतं. आणि साकिउसा, टाकी रिकामी करून ठेव बाबा."

"करतो," साकिउसा म्हणाला. "वन्संना विचार, पुढच्या शनिवारी येणार का."

"येणार," मी म्हटलं. "वहिनी, झगा घे आत. गरम आहे अजून."